खोलीसाठी प्रयोग

प्रेक्षकच आले नाहीत तर प्रयोग करावा की करू नये, हा प्रश्न आपल्याकडच्या हौशी रंगकर्मींना नवा नाही. बाहेर पावसाची झड लागलेली असते, तिकिटांच्या टेबलाशी बसलेला कार्यकर्ता दर पाच मिनिटांनी आत येऊन नुसत्या बोटांनी आकडा सांगतो, आणि रंगपटात तोंडाला रंग लावून बसलेल्या मंडळींत कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो, नारळ वाढवलाच आहे तर करून टाकू. कोणी म्हणतो, रिकाम्या खुर्च्यांना संवाद ऐकवण्यापेक्षा चहा पिऊन घरी गेलेले बरे. उमेदीची बरीच वर्षे मी अशा रंगपटांतून काढली आहेत आणि या वादात दोन्ही बाजूंनी भांडलोही आहे. पुढे न्यूयॉर्कमधल्या एका कॉफीगृहाचा इतिहास वाचताना या जुन्या भांडणाचे एक उत्तर अवचित हाती आले. त्या कॉफीगृहाचा मालक जो चिनो आपल्या नटांना सांगत असे, की कोणी आले नसेल तर खोलीसाठी प्रयोग करा. आणि ते करीत. टेबले रिकामी, खुर्च्या रिकाम्या, आणि एकांकिका पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत त्या चार भिंतींना ऐकवली जाई.

वरवर पाहता ही एका विक्षिप्त माणसाची लहर वाटेल. पण त्या खोलीची हकीकत कळत गेली, तसतसे मला त्या सूचनेत लहरीपेक्षा निराळेच काही दिसू लागले. ज्या माणसांना बाहेरच्या जगात कुठेच मोकळेपणाने बोलता येत नव्हते, त्यांना ऐकून घेणारी ती पहिली भिंत होती.

ग्रिनिच व्हिलेज या न्यूयॉर्कमधल्या जुन्या वस्तीत कॉर्नेलिया स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. रस्ता कसला, गल्लीच. ब्लीकर स्ट्रीटवर सुरू होते आणि वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर संपतेही. तिथल्या एकतीस क्रमांकाच्या इमारतीच्या तळमजल्यावर १९५८ च्या डिसेंबरात जो चिनोने आपले कॉफीगृह उघडले. इमारत एकोणिसाव्या शतकातली, बिऱ्हाडकरूंसाठी बांधलेली, खाली दुकानाचा गाळा असलेली. गाळ्याची रुंदी सुमारे अठरा फूट आणि लांबी तीस फूट, म्हणजे आपल्याकडच्या शाळेतला एक वर्ग. यातच कॉफीचे यंत्र, गल्ला, टेबले, खुर्च्या, आणि पुढे नाटके होऊ लागल्यावर आठ फूट लांब, आठ फूट रुंद असा मंच. विंगा नाहीत, पडदा नाही. नटाने हात पसरला तर पुढच्या टेबलावरचा पेला कलंडावा, इतके प्रेक्षक जवळ.

जो चिनो हा बफेलो शहरातल्या एका सिसिलियन कुटुंबातला मुलगा. सोळाव्या वर्षी घर सोडून न्यूयॉर्कला आला तो नर्तक होण्यासाठी. अंगाने स्थूल असल्यामुळे नृत्यात पुढे जाणे कठीण होते. मग साठवलेल्या थोड्याशा पैशांतून त्याने हा गाळा घेतला. घरमालकीणही सिसिलियन, याचे आडनाव ऐकल्यावर तिने वरच्या खिडकीतूनच किल्ल्या खाली टाकल्या, असे तो सांगत असे. नाट्यगृह काढण्याचा त्याचा विचार नव्हताच. मित्रांनी येऊन बसावे, भिंतीवर कोणाची चित्रे लागावीत, कोणी कविता वाचावी, एवढाच बेत. वाचनातून अभिवाचन आले, अभिवाचनातून नाटुकली. आरंभी वाइल्ड, टेनेसी विल्यम्स, नोएल कॉवर्ड अशा नामवंतांची नाटके, परवानगीचा आणि मानधनाचा फारसा विचार न करता होत. आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या नाटकांची ज्यांना आठवण आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मग स्थानिक तरुण आपली स्वतःची संहिता घेऊन येऊ लागले. चिनो संहिता क्वचितच वाचत असे. तो लेखकाचा चेहरा पाही, त्याची जन्मरास विचारी, आणि कॅलेंडर उघडून तारीख देऊन टाकी. नाटकाची निवड पत्रिकेवरून करणारा निर्माता आपल्याकडेही झाला नसेल!

खर्च भागविण्यासाठी तो दिवसा नोकरी करी आणि रात्री कॉफीगृह चालवी. नटांना पगार नसे. प्रयोगानंतर टोपली फिरवली जाई, तिच्यात जमेल ते त्यांचे. रात्रीतून दोन प्रयोग, आठवड्याअखेर तीन. सुरुवातीला चिनो स्वतः पुढे येऊन, जादूची वेळ झाली आहे, अशा अर्थाची घोषणा करी. भिंती तसबिरी, चमक्या, नाताळातल्या दिव्यांच्या माळा आणि जुन्या प्रयोगांची चित्रे यांनी छतापर्यंत भरलेल्या. एका नाटकासाठी लावलेले काही दुसऱ्या नाटकासाठी काढले जातच नसे, त्यावरच नवे चढे.

हे सारे वाचताना मला दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाची आठवण होणे अपरिहार्य होते. सत्तरीच्या दशकात ‘आविष्कार’ने तिथे जे सुरू केले, त्यातही व्यावसायिक रंगमंचाच्या कमानीबाहेर पडण्याचीच ओढ होती. शाळेचे सभागृह, बिनभरवशाचे पंखे, मोजके प्रेक्षक, आणि नाटक संपल्यावर जिन्यात तासभर चालणारे वाद. पण तुलना इथेच थांबवली पाहिजे. छबिलदासमध्ये येणाऱ्या माणसाला, तो तिथे का आला आहे, हे कोणापासून लपवावे लागत नव्हते. कॉर्नेलिया स्ट्रीटवर येणाऱ्या पुष्कळांना लपवावे लागे.

त्या काळचा न्यूयॉर्कचा कायदा समजून घेतल्याशिवाय या खोलीचे मोल कळत नाही. १९२६ साली ब्रॉडवेवर ‘द कॅप्टिव्ह’ हे मूळ फ्रेंच नाटक आले. एका स्त्रीच्या दुसऱ्या स्त्रीवरील प्रेमाचा त्यात विषय होता. १९२७ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्या नाटकावर आणि आणखी दोन नाटकांवर एकाच रात्री धाड घातली. त्यांपैकी एक नटी मे वेस्ट हिचे होते. तिला पुढे तुरुंगवासही झाला. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. ‘लैंगिक विकृती’ दाखविणारे किंवा तिची चर्चा करणारे नाटक करणे हा गुन्हा ठरला, आणि असे नाटक जिथे होईल त्या नाट्यगृहाला वर्षभर कुलूप ठोकण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कायद्याच्या भाषेत विकृती म्हणजे काय, हे सांगायला नको. नट तुरुंगातून सुटून येतो, पण कुलूपबंद वास्तूचे भाडे चढतच राहते. म्हणून मालक मंडळी स्वतःच सेन्सॉर झाली. हा कायदा पुस्तकातून निघाला तो १९६७ साली. मद्यगृहांची स्थितीही वेगळी नव्हती. समलिंगी पुरुष जमतात म्हणून मद्यगृहाचा परवाना जाऊ शके.

चिनोच्या खोलीत दारू मिळत नव्हती, आणि कागदोपत्री ते नाट्यगृहही नव्हते. ते कॉफी आणि केक विकण्याचे दुकान होते. या दोन ‘नाहीं’च्या फटीत ती खोली जवळजवळ दहा वर्षे तग धरून राहिली. फट म्हणजे मोकळीक नव्हे. परवान्याशिवाय करमणुकीचे कार्यक्रम करता म्हणून शहराच्या नोटिसा येत, दंड होत. खिडकीत लावायची भित्तिचित्रे केनी बर्जेस नावाचा चित्रकार अशा वेलांट्यांच्या अक्षरांत काढी, की ज्याला माहीत आहे त्यालाच नाटकाचे नाव वाचता यावे. जाहिरातीचा हेतू लोकांना कळावे हा असतो. इथे निम्म्या लोकांना कळू नये हाही होता.

अशा त्या खोलीत १९६१ साली डोरिक विल्सन या तरुणाची नाटके झाली. त्यांतल्या एकात त्याने ऑस्कर वाइल्डचा खटला आणि सालोमेची कथा यांची सांगड घातली होती. १९६४ च्या मे महिन्यात लॅनफोर्ड विल्सनचे ‘द मॅडनेस ऑफ लेडी ब्राइट’ आले. या दोन विल्सनांचे एकमेकांशी नाते नव्हते. लॅनफोर्ड तेव्हा एका हॉटेलात आरक्षणाच्या टेबलावर काम करी, आणि नाटक त्याने तिथेच लिहिले म्हणतात. लेस्ली ब्राइट हा उतारवयाकडे झुकलेला, स्त्रीवेश करणारा पुरुष. उन्हाळ्यातली दुपार, एका खोलीचे बिऱ्हाड, आणि भिंतीवर त्याच्या आयुष्यात येऊन गेलेल्या पुरुषांच्या सह्या. तो स्वतःशी, आरशाशी, टेलिफोनशी बोलत राहतो आणि हळूहळू त्याचे भान सुटत जाते. नील फ्लॅनगनने ही भूमिका केली. नाटकाचे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. आठ फुटांच्या मंचावर, टोपलीतल्या चिल्लरीवर! आजच्या वाचकाला त्यातली करुणा थोडी अधिक गडद वाटण्याचा संभव आहे, मलाही ती वाटली. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तोवरच्या नाटकांत अशी माणसे असत ती हसण्यासाठी किंवा धक्क्यासाठी, आणि त्यांच्याविषयी बोलत ते दुसरे. लेस्ली ब्राइट स्वतः बोलतो. त्याच्याविषयी मत देणारा शहाणा माणूस त्या नाटकात कोणी नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉबर्ट पॅट्रिकचे ‘द हॉन्टेड होस्ट’ झाले. पॅट्रिक चिनोकडे दाराशी उभा राहणे, टेबले पुसणे अशी पडेल ती कामे करी. त्याने नाटक दिले तेव्हा चिनोने ते कचऱ्याच्या टोपलीत टाकले, आणि मग लॅनफोर्ड विल्सनसारख्या लेखकांनी, हे होणार नसेल तर आम्हीही इथे लिहिणार नाही, असा हट्ट धरला, ही हकीकत पॅट्रिक स्वतः सांगत असे. या नाटकातला नायक समलिंगी आहे, लेखक आहे, जिभेचा तिखट आहे. त्याचा प्रियकर मेलेला आहे आणि त्याच्या भुताने घर धरले आहे. हुबेहूब त्याच चेहऱ्याचा एक तरुण पाहुणा म्हणून येतो. शेवटी नायक त्या पाहुण्याला घालवून देतो आणि भुतालाही. तो मरत नाही. त्याला सुधारायला कोणी येत नाही. तो आपल्या घरात, आपल्या अटींवर राहतो.

तो मरत नाही, या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो होतो, त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या संस्थेत प्रकाशयोजना सांभाळणारा एक मित्र होता. १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये प्रथम रंगमंचावर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे, आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. एका मुलीवर जीव जडलेल्या मुलीची ती गोष्ट. मराठी रंगभूमीने हा विषय इतक्या उघडपणे त्याआधी घेतला नव्हता. माझ्या मित्राने ते नाटक पाहिले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एका गावच्या प्रयोगानंतर दिवे उतरवून ट्रंकेत भरत असताना, त्याने आपल्याविषयीची गोष्ट मला सांगितली. मित्रा स्त्री आणि तो पुरुष. तरी पहिल्या अंकात आपले नाव कोणीतरी मोठ्याने घेतले असे त्याला वाटले होते. अखेरीस मित्रा आत्महत्या करते. तो म्हणाला, “नाटक आमचे, हे कबूल. पण मरणही दर वेळी आमचेच का?” तेंडुलकरांविषयी त्याला अपार आदर होता आणि आहे. ते नाटक लिहायला जे धैर्य लागले त्याची किंमत त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होती. तरीही प्रश्न उरला तो उरलाच.

पुढे ‘द हॉन्टेड होस्ट’ची संहिता हाती आली तेव्हा मी तिची प्रत त्याला पाठवली. तो आता महाराष्ट्राबाहेर असतो, नवोदितांना प्रकाशयोजना शिकवतो. चारपाच आठवड्यांनी उत्तर आले. नाटकाविषयी एकच ओळ होती, “मेला नाही, बरे वाटले.” बाकी सगळे पत्र दिव्यांविषयी. आठ फुटांच्या मंचावर दिवे किती होते, टांगले कुठे, छत किती उंच, मंदक होते की नुसतीच बटणे, ते सविस्तर लिही.

त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देणे मला जमणारे नव्हते, पण चिनोच्या खोलीत प्रकाशाला फार महत्त्व होते एवढे खरे. जॉनी डॉड नावाचा तरुण तिथे प्रकाशयोजना करी, आणि त्या गचडीत त्याने साधलेल्या परिणामांविषयी जुने नट अजून बोलतात. विजेची सगळी व्यवस्था जॉन टॉरी या वीजतंत्र्याने केलेली होती. तो चिनोचा जोडीदार. शहराच्या वाहिनीतून त्याने परस्परच वीज ओढून घेतली होती, ही कथा तिथली मंडळी हसत सांगत. १९६५ च्या मार्चमध्ये, ॲश वेन्सडेच्या दिवशी, आग लागून कॉफीगृह जळाले. तेव्हा ‘ला मामा’ या शेजारच्या छोट्या नाट्यसंस्थेच्या एलेन स्ट्यूअर्ट यांनी आपली जागा चिनोच्या प्रयोगांना वापरायला दिली. मे महिन्यात खोली पुन्हा उभी राहिली. १९६७ च्या जानेवारीत टॉरी न्यू हॅम्पशायरमध्ये काम करताना विजेच्या धक्क्याने गेला. चिनो त्यातून सावरला नाही. मार्चच्या अखेरच्या रात्री, त्याच खोलीत, तो स्वतःच्या जिवावर उठला, आणि २ एप्रिलला रुग्णालयात वारला. वय छत्तीसच्या आत. रक्त देण्यासाठी रंगकर्मींनी रुग्णालयात गर्दी केली होती.

खोली त्याच्यानंतर वर्षभर चालली. मित्रांनी ती चालवली, पण दंडांच्या आणि परवान्यांच्या कटकटी वाढत गेल्या. शहराच्या अधिकाऱ्यांना हाताळण्याचे चिनोचे कसब कोणाजवळ नव्हते. १९६८ च्या मार्चमध्ये ती बंद झाली. तिथून काही मिनिटांच्या अंतरावर ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या स्टोनवॉल इनमध्ये १९६९ च्या जूनमध्ये जो उठाव झाला, त्याच्या तब्बल पंधरा महिने आधी. आता त्या उठावापासून इतिहास मोजण्याची रीत पडली आहे. चळवळीला एक तारीख लागते, हे मी समजू शकतो. पण त्या तारखेपूर्वी दहा वर्षे एका खोलीत रोज रात्री जे बोलले गेले, ते त्या तारखेच्या हिशेबात बसत नाही. डोरिक विल्सन स्टोनवॉलच्या उठावात होता, आणि १९७४ साली त्याने समलिंगी रंगकर्मींची व्यावसायिक नाट्यसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला. चिनोकडे लिहू लागलेल्या विल्यम हॉफमनचे ‘ॲज इज’ हे एड्सच्या साथीवरचे नाटक १९८५ साली ब्रॉडवेपर्यंत गेले. लॅनफोर्ड विल्सनला १९८० सालचे पुलित्झर मिळाले.

इथे एक खुलासा आवश्यक वाटतो. चिनोच्या खोलीला समलिंगी रंगभूमीचे जन्मस्थान म्हणण्याची आता पद्धत आहे, आणि ते चुकीचे नाही. पण तिथल्या बहुसंख्य नाटकांचा तो विषय नव्हता. सॅम शेपर्डचे एक आरंभीचे नाटक तिथे झाले; ‘डेम्स ॲट सी’सारखी निव्वळ गाण्याबजावण्याची धमाल १९६६ साली तिथेच सुरू झाली आणि तिच्यात अवघ्या अठरा वर्षांची बर्नाडेट पीटर्स होती. विषयाची सक्ती नव्हती, तशी विषय टाळण्याचीही नव्हती. समलिंगी लेखकाने समलिंगी माणसावरच लिहिले पाहिजे, ही अपेक्षा अलीकडची आहे, आणि मला ती थोडी जाचक वाटते. चिनो लेखकाला एवढेच सांगे, की तुला जे करावेच लागणार आहे ते कर.

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला जाणे झाले तेव्हा लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयात या खोलीची छायाचित्रे पाहायला मिळाली. याच ग्रंथालयाने १९८५ साली चिनोच्या वारशावर प्रदर्शन भरवले होते. माझ्या मित्रासाठी मी छायाचित्रांत दिवे मोजायचा प्रयत्न केला. छताशी टांगलेल्या वस्तूंची इतकी दाटी, की दिवा कोणता आणि नाताळचा चमकता गोळा कोणता ते कळेना. सात मोजले, ते त्याला कळवले. दुसऱ्या दिवशी कॉर्नेलिया स्ट्रीटवर जाऊन इमारतही बाहेरून पाहिली. गल्ली तशीच अरुंद आहे. मधल्या काळात त्या गाळ्यात खाणावळी आल्या आणि गेल्या.

ती इमारत २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत दाखल झाली. २०१९ च्या जूनमध्ये, स्टोनवॉलच्या उठावाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, न्यूयॉर्क शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. त्याच दिवशी जेम्स बाल्डविन आणि ऑड्री लॉर्ड यांची घरेही या यादीत आली. ज्या शहराने या दारावर नोटिसा चिकटवल्या, त्याच शहराचा एक विभाग आता तिचे रक्षण करतो. मात्र हे संरक्षण इमारतीच्या बाह्यांगाला आहे. दर्शनी भागाची रचना बदलायची तर मालकाला त्या विभागाची परवानगी घ्यावी लागते. आतल्या भिंती त्यात धरलेल्या नाहीत. त्या त्याने हव्या त्या रंगात रंगवाव्या.